अढाऊ साहेबांची भिंत

अढाऊ साहेबांना डावं-उजवं मान्य नाही. त्यांच्या जगात फक्त आठ दिशा आहेत आणि तेवढ्यात त्यांचं सगळं भागतं. आमच्या घराच्या वास्तूला ते जेवायला बसले होते. वाढणाऱ्या माझ्या नणंदेला म्हणाले, "ताई, ताटाच्या नैर्ऋत्येले वरण नाई पोचलं." ती वरणाचं भांडं घेऊन मांडवाच्या टोकापर्यंत गेली आणि परत येऊन मला सांगू लागली, की तिकडे तर कोणीच बसलेलं नाही. रिक्षात बसले की ते "आता उत्तरेले घे" म्हणतात. अकोल्यात दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असताना रिक्षावाल्यानं उत्तर कुठून आणावी? पण साहेबांचं म्हणणं असं, की ज्याला उत्तर माहीत नाही त्यानं रिक्षा घेऊच नये.

हे आमचे शेजारी. जठारपेठेच्या मागच्या अंगाला आमचं लहानसं लेआउट आहे. आमच्या रांगेत तीन घरं. पहिलं अढाऊ साहेबांचं, मधलं आमचं आणि कोपऱ्यावरचं मोहोडांचं. मोहोडांचं मोटारपंपाचं दुकान आहे. मी शाळेत गणित शिकवते, माझा नवरा विलास बियाण्यांच्या कंपनीत आहे. आणि अढाऊ साहेब उभा जन्म सरकारी मोजणी खात्यात घालवून निवृत्त झालेले. लागले तेव्हा साखळी घेऊन वावरं मोजत हिंडायचे, सुटले तेव्हा साहेब होते. आम्ही त्यांच्या शेजारी प्लॉट घेतला तेव्हा लोक म्हणाले, नशीबवान आहात, मोजणीवाला शेजारी मिळाला, हद्दीची कटकट म्हणून होणार नाही.

त्या लोकांना मी हल्ली शोधत असते.

साहेबांची निम्मी नोकरी धारणीकडे गेली, मेळघाटात. तिथं महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश लागतो. त्या दिवसांच्या गोष्टी आम्हाला पाठ आहेत. त्यातली म्हातारीची तर विलास झोपेतही सांगेल. राज्याची हद्द मोजत हे सागाच्या जंगलातून चाललेले, पलीकडून तिकडचे मोजणीवाले आलेले, आणि रेषा निघाली ती नेमकी एका म्हातारीच्या झोपडीतून. चूल मध्य प्रदेशात, रांजण महाराष्ट्रात. तिकडचा साहेब म्हणाला, झोपडी हलवा.

"मी म्हनलं, काहून? झोपडी मोजनीच्या आदीची हाय," साहेब सांगतात. "मंग बुढीले इचारलं, माय, तू झोपते कोन्या राज्यात? ते म्हने, जिकडून हवा येते तिकडं."

इथं ते थांबतात आणि आपण हसायची वाट पाहतात. पहिल्यांदा मी खरंच हसले होते. विलास अजूनही हसतो. तो कोणासाठीही हसतो.

पुढं त्यांची बदली अचलपूरला झाली. तिथं जंगल नव्हतं, पण माणसं होती, आणि साहेबांच्या मते वाघ परवडला. धुऱ्याची भांडणं. दोन वावरांमधला हातभर रुंदीचा बांध, म्हणजे धुरा. त्यापायी सख्खे भाऊ कोर्टात. मोजणीला साहेब येणार म्हटलं की दोन्हीकडे चहा, नाश्ता, कोंबडं, सगळी तयारी. म्हणून साहेबांनी नियम केला, की मोजणीला गेलं की कोणत्याच पार्टीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. वैशाखातल्या काळ्या जमिनीच्या तव्यावर उभं राहून हा माणूस खांद्यावरच्या छागलीतलं स्वतःचं पाणी प्यायचा.

नियम चांगलाच आहे. पण साहेब निवृत्त झाले तरी नियम निवृत्त झाला नाही. आमच्याकडे यायचे, दिवाणखान्यात पूर्वेकडे तोंड करून बसायचे, मी पाण्याचा ग्लास पुढं केला की तो तसाच टेबलावर ठेवायचे आणि पिशवीतून आपली स्टीलची बाटली काढून घोटभर प्यायचे. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, आमची काय मोजणी करायची आहे तुम्हाला?"

"आज नाई," ते म्हणाले. "पन शेजारी म्हनजे कवा ना कवा पार्टीच असते."

त्यांच्या बोलण्यात आणखी एक शब्द सारखा यायचा, 'हद्द कायम'. कचेरीत हा मोजणीचा एक प्रकार असतो म्हणे. साहेब तो ठरलं, पटलं, संपलं, झालं गेलं, अशा सगळ्या अर्थांनी वापरतात. विलासला बढती मिळाली, पेढा तोंडात टाकत म्हणाले, "हद्द कायम." मोहोडांच्या मुलीचं लग्न जमलं, पत्रिका वाचून म्हणाले, "हद्द कायम." मोहोडबाई आठवडाभर मला विचारत होत्या, यात चांगलं काय आणि वाईट काय ते सांगा.

घरात साहेब एकटे. काकू आहेत, चांगल्या ठणठणीत आहेत. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेल्या. तो नातू आता तिसरीत आहे. दर दिवाळीला चार दिवस येतात, घर धुऊनपुसून काढतात, शेव-चिवड्याचे डबे भरून ठेवतात आणि परत जातात. "काकू कधी येतात?" विचारलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं, "पोराची परीक्षा झाली का येते." कोणती परीक्षा, ते आम्ही विचारत नाही. स्वतः ते एकदाच पुण्याला गेले होते आणि आठवड्याच्या आत परतले. "तिथं जमीनच नाई, मॅडम. वरतं बी मानूस, खालतं बी मानूस, मधात आपन लटकून राहिलो. मोजाचं कुठून?"

असा हा माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी आधी गल्लीतली झाडं मोजली. मग स्पीडब्रेकरची उंची मोजली आणि तो नियमात बसत नाही असा अर्ज दिला. मग मोजण्यासारखं काही उरलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

थंडी ओसरत होती. रविवारी सकाळी मी गच्चीवर मुगवड्या घालत होते, तर खाली साहेब टेप आणि जुनी लोखंडी साखळी घेऊन गल्लीच्या तोंडापासून चालत येताना दिसले. दोन माणसं धरायला आणली होती. दुपारी दारात उभे.

"मॅडम, मी गुन्हेगार हाय."

मी विलासला हाक मारली. असं काही कोणी दारात येऊन म्हटलं की घरात दुसरं माणूस असलेलं बरं.

"आपल्या मधातली भिंत," साहेब म्हणाले, "ते तुमच्या जाग्यात हाय. वीतभर. मी तुमची वीतभर जागा खाल्ली."

झालं होतं असं, की ती भिंत बांधली तेव्हा साहेब धारणीला होते. काकूंनी मिस्त्रीच्या अंदाजानं बांधून घेतली होती. 'अंदाज' हा शब्द साहेबांनी असा उच्चारला, की मिस्त्री तिथं असता तर त्यानं धंदा सोडला असता.

"असू द्या हो साहेब," मी म्हटलं. "वीतभर जागेनं आमचं काय अडलंय?"

"असू द्या म्हनजे? तुमी मले देनगी देऊन राहिल्या का? सरकारी मानूस देनगी घेत नाई."

"तुम्ही निवृत्त झालात साहेब."

"मानूस निवृत्त होते. हद्द नाई होत."

विलास म्हणाला, "साहेब एवढं म्हणतात तर घेऊन टाकू." मी त्याच्याकडे जे पाहिलं ते त्याला कळलं, पण उशिरा. साहेब "हद्द कायम" म्हणून गेले आणि दुसऱ्या दिवशी दोन मजूर लावून त्यांनी स्वतःची भिंत पाडायला घेतली. त्या भिंतीवर माझी मधुमालती होती. कपडे वाळत घालायची तार होती. मुगवड्यांवर बोटभर धूळ बसली. संध्याकाळपर्यंत दोन अंगणांचं एक अंगण झालं आणि मधे साहेबांनी पांढरी दोरी बांधली. दोरी अर्थातच वीतभर त्यांच्या बाजूला.

इथवर ठीक होतं. मन मोठं करून मी ती वीतभर जागा स्वीकारली. पण साहेब म्हणाले, "तुमचं तुमाले भेटलं. आता दुसरी बाजू पाहू."

दुसरी बाजू म्हणजे मोहोडांकडची. तिकडे आमच्या स्वयंपाकघराची भिंत आहे. साहेबांच्या हिशेबानं आम्ही जसे त्यांच्याकडून खाल्ले गेलो होतो, तसेच आम्ही मोहोडांना खाल्लं होतं. तेवढंच. वीतभर. आणि हे त्यांनी मला सांगायच्या आधी मोहोडांना सांगितलं, कारण ज्याची जागा गेली त्याला पहिलं कळवायचं असा नियम आहे म्हणे.

मोहोड एरवी मान वर करून बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर फाटकाशी उभे. "मॅडम, आमच्या जाग्यात सैपाक करून राहिल्या म्हनते तुमी."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मोजणीच्या कचेरीत अर्ज दिला. सरकारी मोजणी होऊ द्या, निघालं तर भिंत काढा. त्या भिंतीला लागून माझा ओटा आहे. काळ्या ग्रॅनाइटचा. तो करून घेण्यासाठी मी विलासशी किती वर्षं भांडले ते आमच्या दोघांच्या घरच्यांना माहीत आहे. आता त्या ओट्यावर पोळ्या लाटताना मला तो अर्धा कापलेला दिसू लागला.

मी साहेबांशी बोलणं बंद केलं. पण बोलणं बंद करायलाही मधे भिंत लागते हे मला तेव्हा कळलं. सकाळी दार उघडावं तर समोर साहेब तोंडात ब्रश घेऊन उभे. दुपारी शेंगा सोलायला बसावं तर हे आपली खुर्ची दोरीपर्यंत आणून बसलेले. दोरी मात्र कधी ओलांडली नाही. खुर्चीचे पाय दोरीच्या अलीकडे, आवाज पलीकडे. "मॅडम, तुरीच्या शेंगा पश्चिमेकडून सोला, ऊन डोळ्यावर नाई येनार."

एक दिवस माझा तोल गेला. "साहेब, माझा ओटा पाडणार आहेत ते. तुमच्या एका रविवारपायी."

"मले बी वाईट वाटून राहिलं," ते म्हणाले. "पन वीत म्हनजे वीत."

"त्या म्हातारीची झोपडी नाही हलवली तुम्ही. दोन राज्यांच्या मधे ठेवलीत. मग माझ्याच ओट्यानं काय घोडं मारलंय?"

साहेबांनी खरोखर विचार केला. शेंगांची अर्धी टोपली झाली तोवर विचार केला. मग म्हणाले, "तिची झोपडी मोजनीच्या आदीची होती. तुमचा ओटा नंतरचा हाय."

मी टोपली उचलून आत गेले आणि दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी मोहोडबाईंकडून कळलं, की साहेब मोहोडांच्या दुकानात जाऊन आले. पंप बघणाऱ्या गिऱ्हाइकांमधे उभं राहून म्हणाले, "मॅडमचा ओटा राहू द्या. तुमाले वीतभर जागाच पाहिजे ना, माह्या आंगनातून घ्या. लिहून देतो." मोहोड हसत सुटले. "साहेब, तुमचं आंगन माह्याजोळ लागते तरी का? मधात हे हायेत." साहेब परत आले. मला काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. रागात असताना असलं काही कानावर येऊ नये, रागाची मजा जाते.

मोजणीची तारीख आली ती ऐन उन्हाळ्यात. कचेरीतून एक तरुण मुलगी आली, तायडे आडनावाची. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, बरोबर एक सहायक आणि तीन पायांवरचं यंत्र. साहेबांना बघून तिनं चेहऱ्यावरची ओढणी बाजूला केली. "सर, तुम्ही इथे राहता?" साहेबांनी अमरावतीला तिच्या तुकडीला शिकवलं होतं. साहेब एकदम ताठ झाले. तिनं यंत्र कुठं लावावं हे सांगायला गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि यंत्राला हात न लावता गल्लीच्या तोंडाशी गेली.

तिथं नालीच्या काठाला लेआउटचा पहिला दगड आहे. सगळे प्लॉट त्याच्यापासून मोजायचे. तायडे मॅडम दगडाशी उकिडव्या बसल्या, भोवतालची माती उकरली, समोरच्या किराणा दुकानदाराला काहीतरी विचारलं. मग साहेबांकडे येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सर, दगड हललेला आहे. पाइपलाइन टाकताना काढला होता म्हणतात, मग माणसांनी तसाच परत रोवला. कललापण आहे."

साहेब दगडाशी गेले. खाली बसले. त्यांनी दगडाकडे पाहिलंच नाही. दोन्ही तळहातांनी तो चाचपला, वरून, बाजूनं, खाली मातीपर्यंत. मग म्हणाले, "हो. सरकला हाय."

पुढचं काम त्या मुलीनं मागच्या गल्लीतले पक्के दगड धरून केलं. दगड वीतभर मागं सरकला होता, म्हणून त्याच्यापासून मोजलेलं प्रत्येक घर वीतभर पुढं गेलेलं दिसत होतं. खरं म्हणजे सगळं जिथल्या तिथं होतं. माझा ओटा माझ्याच जागेत होता. मोहोडांचं काही गेलेलं नव्हतं. आणि साहेबांची पाडलेली भिंत होती तिथंच बरोबर होती.

"म्हनजे कोनाले काईच नाई?" मोहोड म्हणाले.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. गल्लीत दहाबारा माणसं जमली होती, त्यांच्या समोर म्हणाले, "मोजनी मी चुकलो. दगड न पाहता साखळी टाकली. मोहोड, तुमाले खोटी आस लावली. मॅडमले तर गंज तरास देल्ला." आणि टोपी हातात घेऊनच घरात गेले. मी इतके दिवस हेच ऐकायला टपले होते. ऐकलं, आणि काही बरं वाटलं नाही.

तायडे मॅडम पाणी प्यायला आमच्याकडे आल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला एक कळत नाही. सरांनी आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, आधी दगड पाहा. आणि हा तर इतका कललाय की लांबून दिसतो. सरांना दिसला कसा नाही?"

ती गेली आणि मी ओटा पुसता पुसता विचार करत राहिले. ब्रश करताना हा माणूस समोर उभ्या विलासला "कोन, मॅडम का?" म्हणाला होता. पेपर हल्ली नाकाला लावून वाचत होता. त्या रविवारी मोजताना टेपवरचे आकडे धरणाऱ्या माणसाकडून वाचून घेत होता, हे मी स्वतः गच्चीवरून पाहिलं होतं.

संध्याकाळी मी दोरी ओलांडून गेले. साहेब व्हरांड्यात बसले होते.

"डोळ्यांना काय झालंय?"

"काई नाई."

"साहेब."

"धुकं दिसते," ते म्हणाले. "दोनएक वर्सं झाले. मोतीबिंदू हाय, इथल्याच एका डाक्टरनं सांगतलं होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात. मुलीला सांगितलं?"

"पोरीले सांगतलं तर गाडी घेऊन येईन, मले पुन्याले नेईन, घराले कुलूप."

"मग काकूंना सांगायचं."

"तिले सांगतलं तर ते धावत येईन."

"मग येऊ द्या ना," मी म्हटलं. मला खरंच कळेना. "त्यांनी यावं असंच तर वाटतंय ना तुम्हाला?"

साहेब टोपीची घडी घालत बसले. मग म्हणाले, "डोळ्यासाठी येईन, मॅडम. डोळा बरा झाला का चालली जाईन. त्याच्यापेक्षा परीक्षा झाली का येते म्हनते, ते बरं हाय."

मी चिडले. दुसऱ्याच दिवशी विलासनं गाडी काढली आणि आम्ही त्यांना डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या डोळ्यानं जास्त धूसर दिसतं?"

"सध्या दक्षिणेच्या," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांची खुर्ची फिरणारी, साहेबांचीही फिरणारी. मी म्हटलं, "साहेब, खुर्ची फिरली की तुमचा दक्षिणेचा डोळा उत्तरेला जातो. ऑपरेशन आहे हे."

"म्हनून तर सांगून राहिलो, खुर्ची हालवू नका."

ऑपरेशनच्या दिवशी मी नर्सला सांगून त्यांच्या भुवईवर चिकटपट्टी लावून घेतली आणि आत जाईपर्यंत डोळा सोडला नाही. आधी एक झाला, महिन्यानं दुसरा. मुलीला विलासनं फोन केला, पण 'छोटंसं होतं, झालं, काळजी नको' असा, सगळं आटोपल्यावर. काकू फोनवर खूप रागावल्या. साहेब फोन कानापासून जरा लांब धरून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा, कसं सांगू, लग्नात सत्कार होताना असतो तसा होता.

ते दिवस त्यांचं जेवण आमच्याकडेच होतं. काळा चष्मा लावून टेबलाशी बसायचे. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा स्वयंपाकघरभर नजर फिरवून म्हणाले, "मॅडम, ह्या फरशा ईशान्येकडं उतरल्या हायेत." मी लाटणं खाली ठेवलं. काही बोलणार तर म्हणाले, "जरासं पानी द्या." मला वाटलं बाटली संपली. बाटली टेबलावर भरलेली होती. "आता मोजनी संपली," ते म्हणाले. "तुमी आता पार्टी नाई." विलास आणि मी दोघंही उठलो आणि माठाशी एकमेकांवर आदळलो.

आता राहिली भिंत. मी रोज आठवण करायचे. मोजणी झाली, जागा ठरली, दोरी पूर्वीच्या जागी सरकली, आता घाला भिंत. आणि जो माणूस कचेरी उघडायच्या आधी कचेरीच्या पायरीवर उभा असायचा, त्याच्याकडून भिंत होईना. विटा कच्च्या आल्या, परत पाठवल्या. मिस्त्री पातूरला गावी गेला. मग उन्हात सिमेंट चिरते म्हणाले. मग पाऊस लागला, पावसात भिंत घालत नाहीत. दरम्यान त्यांची खुर्ची दोरी ओलांडून आमच्या पायरीपर्यंत आली होती. लसूण सोलायला घ्यायचे. सोललेल्या पाकळ्या मला परत सोलाव्या लागायच्या. माझ्या शिकवणीच्या मुलींना मधेच थांबवून म्हणायचे, "उत्तर चुकलं तरी चालते, पन उत्तर दिशा चुकू नये." मी विलासला म्हटलं, या माणसाला माहीत तरी आहे का भिंत कशी घालतात? विलास म्हणाला, "राहू दे ना. घाई काय आहे?" मला वाटलं हा नेहमीसारखा सगळ्यांना हो म्हणतोय.

दसरा झाला आणि एक दिवस मी शाळेतून आले तर भिंत उभी. खांद्याइतकी, सरळ, पांढराशुभ्र चुना दिलेली. मिस्त्री थापी धूत होता. आणि भिंतीच्या मधोमध, आमच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर, एक माणूस जाईल एवढी मोकळी जागा, तिला लाकडी चौकट आणि नवं दार.

"साहेब, हे काय?"

"दार."

"ते दिसतंय. कशाला?"

साहेब चौकटीला मिस्त्रीची बुडबुड्याची पातळी लावून बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कडी तुमच्या बाजूनं ठेवाले सांगतली मिस्त्रीले. माह्या बाजूनं नाई ठेवली. कडी तेवढी तुमच्या पसंतीची आना, मिस्त्री बसवून देते. तुमाले कवा कंटाया आला, पाहुने असले, तर लावून घेत जा. मले राग नाई येनार."

मग पातळी उचलून चष्म्याशी धरली आणि बुडबुडा पाहत बसले. बुडबुडा मधोमध होता. तो मलाही दिसत होता.

मिस्त्री त्यानंतर दोनदा येऊन गेला, कडी आणली का विचारायला. माझं बाजारात जाणं होतच नाही.